सेकंडहँड वुड स्टोव्ह : आतल्या विटा फुटल्या, पत्रा लोंबला; आता काय करावे?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो आणि पानशेतच्या बाजूला आमचे एक छोटे कौलारू घर आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री चांगलाच गारठा पडतो, म्हणून महाबळेश्वरचा बंगला विकून निघालेल्या एका कुटुंबाकडून आम्ही परदेशी बनावटीची, काचेच्या दाराची, लाकूड जाळण्याची लोखंडी शेगडी विकत घेतली. घरी आणून आत पाहिल्यावर तिची खरी अवस्था कळली. बाजूच्या आणि मागच्या मिळून सहा विटांपैकी तीन फुटल्या आहेत आणि मागची एक वीट जागेवरच नाही. वरच्या बाजूला आडवा ठेवलेला जाड पत्रा मधोमध खाली लोंबला आहे. खालच्या जाळीची एक दांडी तुटली आहे. दाराभोवतीची दोरी कडक झाली असून हात लावला की तिचे तुकडे पडतात. आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणतात, साध्या विटा सिमेंटमध्ये बसवून देतो आणि तो वाकडा पत्रा काढूनच टाकू, म्हणजे धूर मोकळा जाईल. सासरे म्हणतात, भंगारात घाला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही नणंदा मुलाबाळांसह राहायला येणार आहेत. तोवर शेगडी पेटवता येईल का, आणि आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मिस्त्रींचे दोन्ही उपाय करू नयेत, आणि सासऱ्यांचा सल्ला एक तपासणी पूर्ण होईपर्यंत बाजूला ठेवावा. आपण लिहिलेले चारही भाग, म्हणजे विटा, वरचा पत्रा, जाळी आणि दोरी, मुळात झिजण्यासाठीच असतात. शेगडीच्या मुख्य अंगाला थेट ज्वाळेचा मारा लागू नये म्हणून तो मारा या भागांनी सोसायचा आणि खराब झाले की बदलून घ्यायचे, अशीच तिची रचना असते. म्हणून तर ते सुटे असतात आणि बहुतेक शेगड्यांत कुठलेही जोडकाम न सोडवता दारातून बाहेर काढता येतात. ते तुटले आहेत एवढ्यावरून शेगडी निकामी ठरत नाही. मात्र ते तुटल्यावरही पूर्वीच्या मालकांनी शेगडी पेटवत ठेवली असेल, तर त्या विटांमागच्या लोखंडाचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या पत्रात नेमका त्याचाच उल्लेख नाही. मागची वीट गायब आहे, हे वाचून मला फुटलेल्या तीन विटांपेक्षा जास्त काळजी वाटली.

म्हणून कशावरही पैसे खर्च करण्याआधी शेगडी अंगणात किंवा गच्चीवर घ्यावी आणि आतले सगळे सुटे भाग बाहेर काढून, कोणता भाग कुठे होता याचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. दोरीला मात्र तूर्त हात लावू नये. त्याचे कारण पुढे येईल. राख आणि काजळी तारेच्या ब्रशने साफ करताना तोंडाला मास्क असू द्यावा. मग अंधार पडल्यावर आत एक प्रखर टॉर्च ठेवून, दार लावून, बाहेरून चारही बाजूंनी नीट पाहावे. कुठे उजेडाची रेघ दिसली तर तिथे खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी उजेडात त्या खुणा आणि वीट नसलेल्या जागेची मागची भिंत तपासावी. भिंत आतून किंवा बाहेरून फुगली आहे का, हे कळण्यासाठी तिच्यावर पोलादी पट्टी उभी आणि आडवी टेकवून पाहावी. लोखंडाचे पापुद्रे निघत असतील तर ते खरवडून, खाली किती जाड धातू उरला आहे ते एखाद्या वेल्डरकडून पाहून घ्यावे. छोट्या हातोडीने हलकेच टकटक केल्यास शाबूत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, खणखणीत वाजते. तडा गेलेले बीड बद्द आवाज देते.

पुढचा निर्णय शेगडी बिडाची आहे की पोलादी पत्र्याची आहे यावर अवलंबून आहे. बिडाची शेगडी वेगवेगळ्या ओतीव फळ्या खोबणीत बसवून, बोल्टने आवळून आणि सांध्यांत अग्निरोधक मसाला भरून उभी केलेली असते. तिच्यावर बहुधा उठावदार नक्षी असते. पोलादी शेगडीच्या कडांवर वेल्डिंगची रेघ दिसते. उजेडाची रेघ बिडाच्या दोन फळ्यांच्या सांध्यातून आली असेल, तर ती तड नव्हे. सांध्यातला मसाला वाळून गळून गेला आहे, इतकेच. शेगडी सोडवून, खोबणी साफ करून, फायर सिमेंट (उष्णता सोसणारा तयार मसाला) भरून ती पुन्हा आवळता येते. हे काम किचकट असले तरी होण्यासारखे आहे. याउलट फळीच्या अंगातच आरपार तडा असेल, आणि तो आगीच्या कप्प्याच्या भिंतीत असेल, तर तिथेच थांबावे. बिडात तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, त्यामुळे ते कडक आणि ठिसूळ असते. त्याचे वेल्डिंग करायचे तर अख्खा भाग आधी तापवून, निकेलचे रॉड वापरून, नंतर सावकाश निवू द्यावा लागतो, आणि एवढे करूनही रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या भिंतीत तो तडा शेजारून पुन्हा सरकण्याची शक्यता राहते. बाहेरून फायर सिमेंट थापून तडा झाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. पोलादी शेगडीचे तसे नाही. पोलाद वेल्डिंगला अनुकूल असते, त्यामुळे चांगला वेल्डर तिची फाटलेली कड जोडू शकतो किंवा मागच्या भिंतीला नवा पत्रा लावू शकतो. भिंतीला थोडा फुगवटा असला, पण जाडी टिकून असेल आणि कुठेही फाटले नसेल, तर ती शेगडी वापरात ठेवण्यास हरकत नाही.

इथवर सारे ठीक निघाले असे धरून विटांकडे वळू. लाकूड पेटते तेव्हा त्याच्या वजनाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग वायूच्या रूपाने बाहेर पडतो, आणि आपल्याला दिसणारी ज्वाळा म्हणजे तो वायू जळताना दिसतो. हा वायू पूर्ण जळण्यासाठी कप्प्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त टिकावे लागते. विटा कप्प्यातली उष्णता कप्प्यातच धरून ठेवतात आणि त्याच वेळी मागच्या लोखंडाला आगीपासून वाचवतात, अशी दुहेरी कामगिरी त्यांच्याकडे असते. बांधकामाची लाल वीट या कामाची नाही. ती वारंवार झटपट तापण्या-निवण्यासाठी बनवलेली नसते, त्यामुळे तिचे पापुद्रे सुटतात. शिवाय ती जाड असल्याने कप्पा लहान होतो. मागच्या विटांच्या वरच्या अंगाला किंवा त्यांच्यामधून पुष्कळ शेगड्यांत हवेची छोटी भोके असतात, ज्यांतून गरम झालेली हवा ज्वाळेच्या वरच्या भागाला मिळते. जाड वीट आणि सिमेंट यांनी ती बुजली, तर शेगडी धुपत राहील आणि काच रोज काळी होईल. दोष मात्र लाकडाला दिला जाईल.

सिमेंटचा दोष याहून मोठा आहे. आपले नेहमीचे पोर्टलँड सिमेंट चारशे-पाचशे अंशांवर आपल्यातले बांधील पाणी सोडू लागते. त्यातला चुना कोरडा पडतो आणि पुढे हवेतला ओलावा शोषून फुगतो, मग सिमेंट भुगा होऊन गळते. पानशेतच्या पावसाळ्यात चार महिने बंद असलेल्या घरात त्याला ओलावा मिळण्याची वाणच नाही. दुसरे असे की, सिमेंटमध्ये घट्ट बसवलेल्या विटांना प्रसरणाला जागा उरत नाही, म्हणून त्या स्वतः फुटतात किंवा शेगडीच्या भिंतीला रेटतात. मूळ विटा सिमेंटविना, खाचेत किंवा पट्टीच्या आधाराने नुसत्या उभ्या ठेवलेल्या असतात. नव्याही तशाच ठेवाव्यात आणि दोन विटांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट राहू द्यावी.

आपल्याकडची मूळ वीट कोणती आहे, हे आधी ओळखावे. हातात घेतल्यावर ती जड, पिवळसर किंवा फिकट तपकिरी आणि दगडासारखी कठीण लागली, तर ती फायरक्लेची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीची वीट. हलकी असेल, नखाने ओरखडा उठत असेल आणि तिच्यात सोनेरी चकचकीत कण दिसत असतील, तर ती व्हर्मिक्युलाइट नावाच्या खनिजाची दाबून केलेली फळी आहे. या दोन प्रकारांचे गुण वेगळे आहेत: फायरक्लेची वीट उष्णता साठवून नंतर सावकाश सोडते, व्हर्मिक्युलाइट उष्णता अडवून कप्पा लवकर तापवते. ज्या जाडीचा आणि ज्या प्रकारचा माल मुळात होता, तोच पुन्हा घालावा. मनाने अदलाबदल करू नये.

फायरक्लेच्या विटा पुण्यात मिळवणे अवघड नाही. बेकरीच्या भट्ट्या बांधणारे कारागीर आणि भोसरी एमआयडीसीच्या परिसरात बॉयलर-भट्ट्यांचा माल विकणारे दुकानदार त्या ठेवतात. भारतीय मानकांनुसार त्यांचे आयएस ६ आणि आयएस ८ असे दोन प्रकार सहज ऐकायला मिळतील. आयएस ८ जास्त उष्णतेसाठी असते, परंतु घरगुती शेगडीला आयएस ६ पुरेशी आहे, त्यामुळे दुकानदाराने महागडी वीट पुढे केली तरी नम्रपणे नकार द्यावा. नेहमीचे माप २३० × ११५ × ७५ मिलिमीटरचे असते आणि ते आपल्याला फार जाड होईल. म्हणून त्याच लांबी-रुंदीच्या, पण २५ ते ३८ मिलिमीटर जाडीच्या लाद्या मागाव्यात. सोबत मूळ विटेचा सर्वांत मोठा तुकडा न्यावा आणि जाडी तिथेच मोजून घ्यावी. कापण्यासाठी ग्राइंडरला डायमंडचे पाते लावून, पाणी मारत कापावे. या विटांची धूळ फुप्फुसाला वाईट असते, त्यामुळे हे काम मिस्त्रींनी केले तरी त्यांना मास्क आपण आणून द्यावा.

फुटलेल्या तिन्ही विटा बदलाव्याच लागतील असेही नाही. विटेला नुसता तडा गेला असेल आणि दोन्ही अर्धे जागेवर घट्ट उभे राहत असतील, तर ती आपले काम करते. तुकडा पडून मागचे लोखंड दिसू लागले, की वीट बदलावी. तडा वरवर सांधायचा असल्यास फायर सिमेंट चालते. नदीकाठचे गोटे किंवा घराच्या जोत्याचे उरलेले दगड आत रचण्याचा मोह मात्र कोणालाही होऊ देऊ नये. दगडाच्या पोटात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटून उडतो.

आता वरच्या पत्र्याविषयी, कारण मिस्त्रींच्या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच आहे. मिस्त्रींचे म्हणणे कुठून आले असावे, याचा अंदाज करता येतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतल्या तांब्याच्या बंबात आगीच्या वर काहीच आडवे नसते. जाळ आणि धूर मधल्या नळीतून सरळ वर जातात आणि बंब उत्तम चालतो. परंतु बंबाच्या त्या नळीला सर्व बाजूंनी पाण्याचे वेष्टन असते. धुराची उष्णता पाणी घेते, आणि पाणी आहे तोवर तांबे फार तापतही नाही. पाणी न भरता बंब पेटवला तर त्याचे झाळून जोडलेले सांधे सुटतात, हे ज्यांच्या घरी बंब होता त्यांना सांगायला नको. आपल्या शेगडीत पाणी नाही. तिथे धुराची उष्णता काढून घेण्याचे काम हा आडवा पत्रा करतो. तो ज्वाळेला सरळ धुराड्यात जाऊ देत नाही, तिला पुढच्या बाजूला वळवतो, पत्र्याच्या वरून पुन्हा मागे फिरवतो आणि मग धुराड्यात सोडतो. या वळणावर वायूला जळायला वेळ मिळतो आणि शेगडीच्या माथ्याला उष्णता मिळते.

पत्रा काढून टाकल्यास धूर मोकळा जाईल, हे मिस्त्रींचे म्हणणे खरे आहे. त्याच्याबरोबर ऊबही मोकळी जाईल आणि ज्वाळा थेट धुराड्याच्या नळीत शिरेल. नळी लालबुंद होईपर्यंत तापू शकते, आणि ती आपल्या घराच्या लाकडी वाशांमधून व रिपांमधून वर गेलेली असणार. नळीत पूर्वीची डांबरट काजळी साचलेली असेल, तर ती पेट घेऊ शकते. तसे झाल्यास नळीच्या आतले तापमान हजार अंशांच्याही वर जाते. कौलारू छपराच्या घरात ही जोखीम घेण्यासारखी नाही. नवा पत्रा बसेपर्यंत शेगडी एकदाही पेटवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. घरच्यांनी ‘एकदा नुसती बघू तरी’ असे म्हटले, तरीही.

पत्रा लोंबण्याचे कारणही समजून घ्यावे, नाहीतर नवाही लोंबेल. साधे पोलाद पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे आपली ताकद झपाट्याने गमावते आणि स्वतःच्याच वजनाने वाकते. म्हणजे ही शेगडी वरचेवर गरजेपेक्षा जास्त भडकवली गेली आहे. राखेच्या कप्प्याचे दार उघडे ठेवून खालून भरपूर हवा देणे आणि दाराची दोरी गेल्यावरही तशीच वापरत राहणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. दोरी गेली की हवा कमी-जास्त करण्याचा दट्ट्या बंद केला तरी फटीतून हवा येतच राहते आणि आग आपल्या ताब्यात राहत नाही. विटा फुटणे, पत्रा लोंबणे आणि जाळीची दांडी तुटणे या तिन्ही गोष्टींचे मूळ बहुधा त्या झिजलेल्या दोरीतच असावे.

नवा पत्रा करून घेणे अगदी सोपे आहे. लोंबलेला पत्रा नमुना म्हणून चालणार नाही, कारण वाकल्यामुळे त्याचे माप बदललेले असते. जाड पुठ्ठा कापून तो शेगडीतल्या टेकूंवर बसवून पाहावा आणि तोच नमुना कारागिराला द्यावा. तो दारातून तिरका करून आत नेता येतो ना, हेही पुठ्ठ्यावरच तपासावे. नाहीतर सुंदर पत्रा तयार होतो आणि आत जात नाही. कोथरूडहून नऱ्हे-धायरीकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जाणे सोयीचे पडेल. सहा मिलिमीटर जाडीचे साधे पोलाद सांगावे. फॅब्रिकेटर बहुधा ‘३०४ स्टेनलेस घ्या, गंजणार नाही’ असे सुचवील. माझे मत तसे नाही. ३०४ स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते आणि इथे प्रश्न गंजाचा कमी, वाकण्याचा जास्त आहे. जास्त पैसे घालायचेच असतील तर ३१० दर्जाचे स्टेनलेस घ्यावे. तेही बरेच प्रसरण पावते, पण भट्टीच्या उष्णतेत ताकद टिकवून धरते. हिवाळ्यात शनिवार-रविवार वापरायच्या शेगडीला मात्र साधे पोलाद घालून काही वर्षांनी ते बदलणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पत्रा आत कुठेही वापरू नये. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याचा धूर विषारी असतो.

पत्रा टेकूंवर नुसता ठेवायचा असतो. तो वेल्डिंगने पक्का करू नये. चारशे मिलिमीटर लांबीचा पोलादी पत्रा सहाशे अंशांनी तापला की सुमारे तीन मिलिमीटर वाढतो. त्याला दोन्ही कडांना मिळून पाच-सहा मिलिमीटर मोकळीक ठेवली नाही, तर तो एकतर स्वतः कमान होईल किंवा बाजूच्या विटा फोडील. पत्र्याच्या पुढच्या कडेपासून शेगडीच्या समोरच्या भिंतीपर्यंतची मोकळी जागा मुळात जितकी होती तितकीच राहिली पाहिजे. कमी झाली तर दार उघडताच धूर खोलीत येतो, जास्त झाली तर पत्रा असून नसल्यासारखा होतो.

जाळीची एक दांडी तुटली आहे, ही यातली सर्वांत कमी काळजीची गोष्ट. निखारे खाली पडतात एवढाच त्रास होतो. बिडाच्या जाळीला वेल्डिंग टिकत नाही, पण तिच्यावरून नवी ओतून घेता येते. भोसरी-चिंचवडकडे काही छोट्या फौंड्रीज असे एखाद-दुसऱ्या नगाचे काम घेतात, आणि आपले कोणी कोल्हापूरला असेल तर शिरोलीच्या बाजूला फौंड्रीजची कमतरता नाही. एक गोष्ट मात्र आठवणीने सांगावी: बीड निवताना सुमारे एक टक्का आक्रसते. जुनी जाळीच साचा म्हणून वापरली, तर तीनशे मिलिमीटरची नवी जाळी तीन मिलिमीटरने आखूड येईल. टेकू रुंद असतील तर तेवढे चालून जाते. नसतील तर साच्याच्या कडेला पट्टी लावून माप वाढवून घ्यावे लागते. नवी जाळी येईपर्यंत किंवा नंतरही, तिच्यावर दोन-तीन सेंटिमीटर राखेचा थर राहू दिला तर जाळी थेट निखाऱ्यांपासून वाचते आणि लाकूड उलट चांगले जळते. रोज राख लख्ख झाडून काढण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

आता दोरी. युरोप-अमेरिकेत गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापर्यंत अशा शेगड्यांच्या दारांना अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी सर्रास लावत असत. आपली शेगडी किती जुनी आहे हे पत्रावरून कळत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी काचतंतूंची दोरी आणि अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी यांत फरक करणे भरवशाचे नाही. म्हणून ती अ‍ॅस्बेस्टॉसचीच आहे असे समजून वागावे. कोरडी खरवडू नये, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर तिच्यावर चालवू नये, आणि गळलेले तुकडे झाडूने झाडू नयेत. पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण मिसळून फवाऱ्याने दोरी पूर्ण भिजवावी, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क आणि हातमोजे घालून ती बोथट पट्टीने काढावी, ओली असतानाच दोन पिशव्यांत एकात एक बंद करावी आणि खोबण ओल्या फडक्याने पुसून ते फडकेही त्याच पिशवीत टाकावे. पिशवीवर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहून, घरच्या कचऱ्यात न मिसळता ती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. मुले आसपास असताना हे काम करू नये.

नवी दोरी काचतंतूंची किंवा सिरॅमिक तंतूंची घ्यावी. रविवार पेठेत बोहरी आळीच्या दुकानांत विचारताना ‘भट्टीच्या दाराची दोरी’ एवढेच म्हटले, तर अ‍ॅस्बेस्टॉसचीच हातात पडण्याची शक्यता असते, तेव्हा प्रकार स्पष्ट सांगावा. जाडी खोबणीच्या रुंदीवरून ठरते. आठ, दहा आणि बारा मिलिमीटर ही नेहमीची मापे. खोबणीत उष्णतारोधक चिकटद्रव्याची पातळ रेघ ओढून दोरी न ताणता बसवावी, कारण ताणलेली दोरी बारीक होते आणि नंतर आखडून टोकांना फट पडते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावी. सगळीकडे ती अडकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी सहज सुटली तर बिजागरी किंवा कडी तिथे थोडी आवळावी लागेल.

काचेबद्दल आपण तक्रार लिहिलेली नाही. पुढेमागे ती बदलावी लागली, तर ती सिरॅमिक काच असते एवढे लक्षात ठेवावे. दुकानात मिळणारी टफन्ड काच ही उष्णता सोसत नाही.

हे सगळे सुटे भाग मूळ कंपनीचे मिळतील का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. पत्र्याच्या, जाळीच्या किंवा मागच्या फळीच्या आतल्या अंगाला पुष्कळदा उठावाचे अंक किंवा अक्षरे असतात. ती साफ करून फोटो काढावा, म्हणजे मॉडेल शोधता येते. पण विटा आणि पत्रा परदेशातून मागवण्यात मला अर्थ दिसत नाही. जाडजूड वजनाची डाक आणि वर जकात, एवढ्यात इथे सगळे करून होते. मॉडेल कळल्याचा खरा फायदा असा की, पत्रा आणि विटा मुळात कशा बसत होत्या याचे चित्र पाहायला मिळते.

खर्चाचा क्रम म्हणून मी असा ठेवीन: आधी लोखंडाची तपासणी, तिला जवळजवळ काहीच लागत नाही, मग दोरी, मग पत्रा आणि विटा एकत्र, जाळी सर्वांत शेवटी. तपासणीत बिडाच्या मागच्या फळीत आरपार तडा निघाला, तर मात्र सासऱ्यांचे म्हणणे मान्य करावे. तशा वेळी बीड भंगारात वजनावर जाते, आणि काच शाबूत असेल तर ती वेगळी काढून ठेवावी. दुसऱ्या कोणाला ती हवी असते.

डिसेंबरबद्दल. आपण आता लागलात तर भाग तोवर तयार होतील, पण पाहुणे आल्यावर त्यांच्यासमोर पहिला जाळ करू नये. नव्या विटा आणि फायर सिमेंट यांतले पाणी हळूहळू निघायला हवे, म्हणून शेगडी घरात बसवण्याआधी अंगणातच तात्पुरती नळी उभी करून निदान तीन छोटे जाळ करावेत: पहिला नुसत्या काटक्यांचा, पाऊण-एक तासाचा, मग शेगडी पूर्ण निवू द्यावी, दुसरा आणि तिसरा थोडा थोडा मोठा. नवा रंग दिलेला असेल तर पहिल्या जाळाला उग्र वास येतो, तोही बाहेरच संपतो. लाकूड टिंबर मार्केटमधून घ्या किंवा शेतावरचे बाभूळ-चिंचेचे वापरा, ते फोडून किमान एक उन्हाळा वाळलेले असावे, कारण वीस टक्क्यांहून जास्त ओलावा असलेले लाकूड काजळीच वाढवते. प्लायवूड, सनमायका आणि रंगवलेल्या चौकटींचे तुकडे आत घालू नयेत.

घरात बसवताना शेगडी लाकडी खांब, पडदे आणि फर्निचर यांपासून साधारण नव्वद सेंटिमीटर दूर ठेवावी. एकेरी पत्र्याची नळी वासे-रिपांपासून पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आत येऊ नये. छपरातून नेताना मात्र ती दुहेरी आणि मधे उष्णतारोधक भरलेली घ्यावी. बाहेर नळीचे तोंड छपरातून जिथे निघते तिथून किमान तीन फूट उंच असावे. त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा, कारण या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. नणंदा आणि मुले त्याच खोलीत गाद्या घालून झोपणार असतील, तर रात्री निजण्यापूर्वी आग विझत आलेली असावी आणि एक खिडकी थोडी किलकिली राहावी, मग गारठा कितीही असो.